गयाआत्या, ते लगीन लागलंच न्हाई

आधी मुमताजभाभीचं नाव घेते, आत्या. तुझं मग. तूच शिकवलंस, ज्यानं हात दिला त्याला आधी पाणी विचारावं, रडणं कुठं पळून जात नाही. परतूरला आपलं आणि भाभीचं घर एका भिंतीचं. त्या भिंतीपलीकडून ती आली, तुला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली, तिथं तुझी वेणी घातली, तुझ्या ओठांना पाणी लावलं, आणि मी पार गोव्याच्या हद्दीवर नाटकाच्या दौऱ्यात अडकलेली असताना स्वतःचा फोन तुझ्या तोंडापुढं धरून उभी राहिली. नर्स ओरडली तरी हटली नाही. "दो मिनट, सिस्टर. पोरगी हाये तिची," असं ती म्हणत होती ते मला इकडं ऐकू येत होतं. मी तुझी पोरगी नाही, भाची आहे, हे भाभीला चांगलं माहीत आहे.

तू गेलीस. लिहिलं एकदाचं.

जन्म कधीचा, शिक्षण किती, असलं पेपरात छापतात तसं मी काही लिहिणार नाही. तुझा जन्म कधीचा ते तुला तरी कुठं ठाऊक होतं? आणि शिक्षणाचं म्हणशील तर माझंही आठवीच्या पुढं सरकलं नाही. मला आपलं भांडण पुरं करायचं आहे. फोनवर अर्धं राहिलेलं. रेंज गेली की तू म्हणायचीस, "उद्या भांडू, आता सैपाक राह्यला." आता तो उद्या मला एकटीलाच काढायचा आहे.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांना थोडं सांगते, तू मध्ये बोलू नकोस. आई गेल्यावर मला आत्यानं वाढवलं. शाळा सुटली तेव्हा शिलाई मशीनवर बसवलं. मग पुण्यात एका शिंप्याकडे, आणि तिथून नाटकाच्या कपडेपटात. कपडेपट म्हणजे नटनट्यांचे कपडे धुणं, उसवलेलं टाचणं, इस्त्री करणं आणि अंक सुरू व्हायच्या आत अंगावर चढवून देणं. गल्लीतल्या बायकांनी आत्याला टोमणा मारला होता, "गयाबाई, पोरीला नाटकात धाडलं म्हनं?" तू कणीक मळता मळता म्हणालीस, "नाटकात न्हाई धाडली. नाटकाच्या इस्त्रीत धाडली. तुमच्या पोरींला येती का बराबर इस्त्री?"

त्यानंतर कुणी विचारलं नाही. पण भीती मला होतीच. आजही आहे. काम हातचं जाईल, कुणीतरी म्हणेल की हिला काय कळतं, जा घरी. दौऱ्यात प्रत्येक गावी पेट्या उतरवताना मला हेच वाटत असतं. तुला मी हे सांगितलं नव्हतं. तुला कळलं होतं, असं आता वाटतं, कारण फोन ठेवताना तू दर वेळी विचारायचीस, "हायेत ना ते लोक बरे? रागवत तर न्हाईत ना?"

ते नाटक म्हणजे ‘संगीत कांचनरेखा’. आमच्या आज्याच्या काळात गाजलेलं जुनं संगीत नाटक, मधे कितीतरी वर्षं कुणी केलं नव्हतं. आता ते पुन्हा उभं राहिलं ते मॅडममुळं. मॅडम म्हणजे टीव्हीवरच्या मालिकेतली सुलेखावहिनी. घरोघरी तोंड ओळखीचं. त्यांनी ठरवलं, आपण हे नाटक करायचं आणि स्वतः गायचं. रेकॉर्ड लावून ओठ हलवायचे नाहीत. समोर ऑर्गन, तबला, आणि त्यांचा गळा.

आत्या, विंगेत उभं राहिलं की प्रेक्षक दिसत नाहीत, ऐकू येतात. मी गावं कानांनी ओळखते. पुण्यात टाळ्या मोजूनमापून येतात, आणि मध्यंतरात रंगपटाच्या खिडकीखाली चहा पिणारे लोक बोलतात ते सगळं आत येतं. "गळा गोड आहे हो, पण नाट्यपदाला दम लागतो," असं एक जण म्हणाला तेव्हा मी मॅडमच्या केसांत आकडे खोवत होते. त्यांनी ऐकलं. आरशात माझ्याकडं बघितलं आणि डोळे मिटून घेतले. मुंबईत नुसते मोबाईल. पद सुरू झालं की सगळे फोन वर, आणि फोन हातात असल्यावर टाळी कशानं वाजवणार? जुन्या प्रेक्षकांची मोठी गोष्ट म्हणजे वन्समोअर. पद आवडलं की सगळं थिएटर ओरडायचं, आणि नटाला तेच पद पुन्हा गावं लागायचं. आमच्या ऑर्गनवाल्या काकांनी मॅडमना हे सांगून ठेवलं होतं. मॅडमना अजून एकदाही मिळाला नव्हता. त्या विषय काढायच्या नाहीत, पण पद संपलं की एक श्वासभर थांबायच्या. मला विंगेतून त्यांची पाठ दिसायची, ती वाट बघत असायची.

मग जालन्याचा प्रयोग लागला, दुपारचा. मी तुला फोन केला.

"सुमे, लगीन हाये म्हनलीस ना त्या नाटकात?"

"हाये ना. दुसऱ्या अंकात. तिचा शालू मीच नेसवते. लाल, जरीचा. अंतरपाट धरतात, मंगलाष्टकं म्हनतात, ऑर्गनवर."

"मंग काय! आमी सगळे येतो. जीप करतो."

एवढंच आपलं बोलणं झालं. मी तुला शालूचं सांगितलं, मुंडावळ्यांचं सांगितलं. पुढं काय होतं ते सांगितलं नाही. नाटकाची गोष्ट आधी कोण सांगतं?

आणि इथंच तर आपलं भांडण आहे.

तुझं सासर भोकरदनकडचं, पिंपळगाव रेणुकाईचं. तिथं देवळापुढं गावची पोरं नाटक करायची, हे तू मला लहानपणी कितीदा सांगितलंस. स्टेजवर लग्न लागलं की गाव उभं राहायचं आणि अक्षता टाकायचं. मंगलाष्टकं म्हटली आणि अक्षता पडल्या नाहीत तर ते अशुभ. मग ते लग्न नाटकातलं का असेना. मुली घरून ज्वारी रंगवून आणायच्या. काही म्हाताऱ्या तर स्टेजवरच्या नवरीला खरोखरीचा खण द्यायच्या, आणि नवरी म्हणजे कुणाचा तरी मिसरूड फुटलेला बबन. आणि नाटकातलं लग्न ऐन वेळी मोडणारं असलं, की पोरं आधी पडद्याबाहेर येऊन हात जोडून सांगायची, "मायबाप, हे लगीन मोडनार हाये. अक्षता हातातच ठेवा." गाव ठेवायचं.

मला हे सगळं माहीत होतं आणि त्या दिवशी एकदाही आठवलं नाही. मला वाटलं, ते गावचं नाटक. हे थिएटर. इथं खुर्च्यांना नंबर असतात.

तू जीपमध्ये गल्ली भरून आणलीस. भाभी तेवढी मागं राहिली, तुझ्या दोन शेळ्या व्यायला झालेल्या, त्यांच्यापाशी कुणीतरी हवं होतं. "जा तू बिनधास्त, मी बघते," म्हणाली. तू पदराखाली पिशवी घेऊन आत आलीस आणि तिसरी घंटा व्हायच्या आत आजूबाजूच्या रांगांत मूठमूठ ज्वारी वाटून मोकळी झालीस. कुंकवात रंगवलेली. अनोळखी माणसांनीसुद्धा घेतली, म्हणे. का नाही घेणार? आपल्याकडं अक्षता नको कोण म्हणतं?

पडदा उघडला. मॅडमची एन्ट्री झाली आणि छप्पर उडायचंच बाकी राहिलं. शिट्ट्या. पोरं खुर्च्यांवर. "ए सुलेखावहिनीऽऽ!" एक बाई तर अगदी काळजीनं ओरडली, "वैनी, त्या सासूच्या चहात काय हाये बगून प्या वो!" मॅडम सेनापतीच्या मुलीच्या वेशात, हात जोडलेल्या, नांदीनंतरचं पहिलं वाक्य ओठांवर, आणि समोर हे. मॅनेजर विंगेत माझ्या शेजारी कपाळाला हात लावून उभे. "हे नाटक बघायला आलेत का मालिका?" मला लाज वाटली, आत्या. आपली माणसं म्हणून नाही. मॅडमचा चेहरा बघून. पहिला अंक त्यांनी कसाबसा रेटला. सूर दोनदा हलला.

दुसरा अंक. कांचनरेखेला फसवून प्रधानाच्या उनाड पोराशी तिचं लग्न लावतात, तो प्रवेश. अंतरपाट धरला. ऑर्गन लागला. पहिलं मंगलाष्टक झालं, ‘सावधान’ म्हटलं, आणि बाहेरून आवाज आला.

मला आधी कळेचना कसला तो. पत्र्यावर पाऊस पडावा तसा. मग लाल ज्वारी स्टेजवर उड्या मारताना दिसली. मॅडमच्या केसांत, नवरदेवाच्या पगडीवर, ऑर्गनवाल्या काकांच्या हातांवर. सगळं थिएटर उभं राहून अक्षता टाकत होतं. इतक्यात नाटकात असतं तसा नायक "थांबा!" म्हणून धावत आत आला, ज्वारीवरून पाय सटकला, आधाराला त्यानं अंतरपाट धरला आणि अंतरपाटासकट खाली बसला.

"लय उशीर केला, पाव्हनं!" मागून कुणीतरी ओरडलं.

"लागलं की आता लगीन! पंगत बसवा!"

हसू असं काही फुटलं की नाटक तिथंच संपलं असं मला वाटलं. मॅनेजरचा रंग गेला. मॅडम लाल शालूत, मुंडावळ्या कपाळावर, नुसत्या उभ्या. आणि त्या सगळ्या गलक्यातून तुझा आवाज आला, आत्या. बाजारात शेळी सुटली की यायचा तसा.

"थांबा, थांबा! बाई, न्हाई लागलं! बिलकुल न्हाई लागलं! आमाला कोनी सांगितलंच न्हाई हे मोडायचं हाये म्हनून. आमच्या अक्षता आमी वापस घेतल्या!"

मॅनेजर म्हणाले, "कोण आहे ही बाई?"

"माझी आत्या," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

लोक हसले, टाळ्या वाजवल्या, आणि मग काय झालं कोण जाणे, गप्प झाले. सगळे एकदम. आता मॅडमचं मोठं पद होतं. त्यात ती कांचनरेखा जमलेल्या वऱ्हाडाला विचारते की मला फसवत होते ते तुम्हा सगळ्यांना दिसत होतं, मग तुमच्यातलं एकही माणूस बोललं कसं नाही? मॅडम दर प्रयोगाला हे पद लोकांच्या डोक्यावरून, पार मागच्या दाराकडं बघत गायच्या. त्या दिवशी त्यांना बघायला माणूस होतं. तू उभीच होतीस. तुझ्याकडं बघून त्यांनी सुरुवात केली. तुमच्यातलं कुणीच कसं बोललं नाही, असं त्या विचारत होत्या आणि समोर एकटी बोललेली बाई उभी, डोळ्याला पदर लावून मान हलवत होती, जसं काही तिलाच विचारतायत आणि तिला उत्तर द्यायचंय. पद संपलं. त्या श्वासभर थांबल्या.

"वन्समोअर!" असं आपल्याकडं कोण म्हणतं? "पुन्ना! पुन्ना म्हना, वैनी!" असं म्हणत होते लोक. ऑर्गनवाले काका डोळे पुसत होते आणि हसत होते. त्यांनीच खुणेनं सांगितलं, हाच तो. गा.

प्रयोग संपल्यावर मॅनेजर रंगपटात आले. माझ्यासमोरच म्हणाले, "मॅडम, उद्या परभणी आहे. ह्या पोरीची तिथंही माणसं निघतील. हिला इथूनच घरी पाठवतो, दुसरी बघू."

मी शालूच्या निऱ्या धरून उभी होते. मॅडमनी मला आरशातून विचारलं, "खरं सांग. ते ‘पुन्हा म्हणा’ खरं होतं, का चेष्टा?"

मला भीती वाटत होती. पण हे मला माहीत होतं, तू शिकवलेलं नाही, तुझ्याजवळ राहून कळलेलं. मी म्हटलं, "मॅडम, आमच्याकडची माणसं चेष्टा करायची तर एकदाच करतात. आवडलं न्हाई तर उठून तंबाखू खायला जातात. पुन्हा ऐकायला कोनी थांबत न्हाई."

त्यांनी केसांतले आकडे काढायला मान माझ्याकडं केली. मॅनेजर निघून गेले. एवढ्यावरच माझं काम टिकलं, आत्या. थोड्या वेळानं मॅडम म्हणाल्या, "तुझ्या आत्याला आत बोलाव." मी पळत बाहेर गेले. जीप गेलेली होती. शेळ्यांची धास्ती होती ना तुला.

पुढं किती दिवस आपण भांडलो.

"तुमच्या लोकांनी आधी सांगायला पाह्यजे होतं," हे तुझं.

"आत्या, आधी सांगितलं तर नाटकात काय राह्यलं?" हे माझं.

"का बरं? आमाला सांगून मोडायचे न् लगीन. तरी रडायचो आमी. रडायला काय, मानूस सांगूनबी रडतो."

"शहरातल्या लोकांना पुढं काय होतंय ते बघायचं असतं."

"मंग त्यांला बातम्या दाखवा!"

ह्यावर मी फोन ठेवला होता. हसू आलं होतं म्हणून, पण तुला वाटलं रागानं. दुसऱ्या दिवशी भाभीनं मला फोन करून विचारलं, "बेटा, आत्यावर रुसलीस काय? जेवली न्हाई ती बराबर."

तुला खरी चिंता वेगळीच लागली होती. चुकीच्या नवऱ्याबरोबर लागलेल्या लग्नावर तुझ्या हातच्या अक्षता पडल्या होत्या. मी म्हणायची, ते खोटं होतं. तू म्हणायचीस, "लगीन खोटं असंल. ज्वारी तर खरी होती." आणि मग मोबाईलवर बातमी आली. मॅडमचं खरोखरचं लग्न ठरलेलं होतं, ते मोडलं. गल्लीतल्या कुठल्याशा पोरीनं तुला ते दाखवलं.

"सुमे, हे माझ्या हाताचं हाये."

"काहीतरीच काय, आत्या!"

"एक लगीन लागलं ना तिचं माझ्या अक्षतांनी. मंग दुसरं कसं लागंल?"

"तू वापस घेतल्या न् त्या. सगळ्यांसमोर."

"तोंडानं घेतल्या गं. ज्वारी तर तिथंच राह्यली."

शालूच्या जरीत अडकलेले दाणे मला पुढं कितीतरी दिवस सापडत होते, इस्त्री फिरवताना टचकन लागायचे. तुला सांगितलं तर म्हणालीस, "पाखराला घाल. एकबी ठेवू नको." मी घातले. तरी तुझं समाधान नाही. मंगळवारचे उपास धरलेस रेणुकाईचे, मॅडमसाठी, ज्यांना तू एकदाच लांबून बघितलं होतंस. भाभी सांगायची, ‘औषध उपाशीपोटी घेती, ऐकत न्हाई.’ मी तुला मॅडमशी बोल म्हटलं की तू म्हणायचीस, "कोन्या तोंडानं बोलू?" आणि मी मॅडमकडं विषय काढू शकत नव्हते. त्यांचं लग्न का मोडलं, हे कपडेपटातल्या बाईनं त्यांना कसं विचारावं?

मग तू आजारी पडलीस. ताप, मग छाती. दौरा कोकणातून खाली चालला होता, रोज एक गाव. मी रोज ठरवायची, ह्या प्रयोगानंतर निघते. तू म्हणायचीस, "येऊ नको. रागवतील."

ती सकाळ. दुपारच्या प्रयोगाची तयारी चाललेली. मॅडमना नेसून बघायचं होतं, कारण शालूचा काठ मी नवा लावला होता. मी गुडघ्यावर बसून निऱ्या टाचत होते, तोंडात टाचण्या, आणि भाभीचा व्हिडिओ कॉल आला. मी घाबरून बघतच राहिले. मॅडम म्हणाल्या, "घे की." मी फोन समोरच्या डब्याला टेकवून ठेवला.

आधी भाभी दिसली, तिच्या मागं दवाखान्याची हिरवी भिंत. "बेटा, रात पासून एकच बोलून राह्यली ती. तुला विचारायचं म्हनते." मग फोन हलला आणि तू दिसलीस. केवढीशी झाली होतीस. पण तू मला बघितलंच नाहीस. माझ्या डोक्यावरून तुला मॅडम दिसल्या, लाल शालूत.

"ही ती?" तू म्हणालीस.

मॅडम वाकल्या. त्यांना काही सांगायला माझ्या तोंडात टाचण्या.

"बाई," तू म्हणालीस, एकेका शब्दाला थांबत, "माझ्याच्यानं चुकलं. जालन्याला. मी टाकल्या अक्षता. तुजं लगीन मोडलं ते…"

मला वाटलं, आता मॅडम चिडतील. खरं सांगते, तशा क्षणीसुद्धा मला माझ्या कामाची भीती वाटली. पण मॅडम खालीच बसल्या, माझ्या शेजारी, शालूसकट.

"आत्या, ते तुमच्यामुळं नाही मोडलं. मी मोडलं."

"तू?"

"मीच."

"चांगला नव्हता?"

"नव्हता."

तू डोळे मिटलेस. तुझं तोंड फोनमध्ये वरखाली होत होतं. मला वाटलं, झोपलीस. मग तू म्हणालीस, "मंग बराबर केलं." आणि थोड्या वेळानं, भाभीला का मॅडमला कोण जाणे, "आता खाते जरा."

भाभी म्हणते, तू दोन चमचे पेज खाल्लीस त्यानंतर. बऱ्याच दिवसांनी, स्वतः मागून. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस.

मॅडमनी मला तेव्हाच मोकळं केलं. पण गोव्याच्या बाजूनं परतूर म्हणजे एक एसटी, मग दुसरी, मग रेल्वे. मी पोचले तेव्हा अंगण सारवलेलं होतं आणि शेळ्या भाभीच्या दारात बांधलेल्या होत्या. आत तू असायचीस त्या जागी दिवा तेवत होता. पाव्हणे मातीला आले आणि गेले, भाभी तेवढी तिथं बसून होती. "मला तुमचा रिवाज मालूम न्हाई, बेटा," ती म्हणाली, "पन बुझू न्हाई दिला." मी रडले नाही तेव्हा. मला लाज वाटली, का ते कळलं नाही.

दहावा झाला आणि मी परत दौऱ्यावर आले. कुठं जाणार? तुझ्या घराला कुलूप लावलं, किल्ली भाभीकडं.

आता तुला एक सांगायचं आहे, भांडणाचं. त्या फोननंतर मी मॅडमना तुझ्या गावची रीत सांगितली. पडद्याबाहेर येऊन हात जोडणारी पोरं, हातातच ठेवलेल्या अक्षता. त्यांना फार आवडलं. मॅनेजरना म्हणाल्या, एकदा करून बघू का? ते म्हणाले, लोक हसतील, मजा जाईल. मी तिथंच होते. मी काय म्हणणार? इतके दिवस मीही तेच म्हणत होते. मला कुणी विचारलंही नाही. पण माझं मत बदललेलं नाही, आत्या, अजूनही पुरतं नाही. आधी सांगू नये असंच वाटतं. मला जर कुणी आधी सांगितलं असतं, त्या सकाळी, की हा शेवटचा फोन आहे, तर मी तोंडातल्या टाचण्या काढल्या असत्या का? काढल्या असत्या. काहीतरी बोलले असते. काय, ते सुचत नाही. बघ, म्हणजे इथं तुझंच खरं होतंय. तू असतीस तर लगेच धरलं असतंस, "बगितलं? सांगितलं पाह्यजे!" मग मी म्हटलं असतं, सांगितलं असतं तर तू मॅडमशी बोलली असतीस का, का मलाच कुरवाळत बसली असतीस? ह्याचं उत्तर तुझ्याकडं असेल. माझ्याकडं नाही.

हल्ली दुसऱ्या अंकात मी विंगेत नको तितकी पुढं येऊन उभी राहते. पंख्यांचा आवाज येतो, कुणीतरी खोकतं, एखादा फोन वाजतो. ‘सावधान’ म्हणतात आणि लोक बसलेले असतात. पद चांगलं होतं आता मॅडमचं, टाळ्याही पडतात, परवा एका गावी वन्समोअरसुद्धा आला, नीट शहरी उच्चारात. मॅडम पुन्हा गायल्या. मग आत येऊन माझ्याकडं बघून मान हलवली, जालन्यासारखं नाही गं, अशी. ते दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. प्रयोगानंतर सगळे एकत्र जेवतात, मी पेट्यांपाशीच डबा खाते. आधीही खायचे. पण तेव्हा जेवताना तुला फोन लावायचे. आता हात फोनकडं जातो आणि मी यादीत खाली खाली जात राहते, मग बंद करते. कधीकधी भाभीला लावते. ती आधी शेळ्यांचं सांगते. मग आम्ही दोघी गप्प बसतो, ती तिकडं, मी इकडं. फोन ठेवायची घाई ती करत नाही.

काल तिनं सहज सांगितलं की तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतो. पोरं दोघं लांब, सुना नोकरीवर. "नंतर दिवसभर थेंब टाकावे लागतात म्हनं, घडी घडी," ती म्हणाली. "कोन टाकंल? राहू दे, एका डोळ्यानं दिसतंय की."

आत्या, ज्या डोळ्यांनी तिनं तुझी राखण केली ते हे डोळे. मी तिला तेव्हा काही म्हणाले नाही, कारण तारखा माझ्या हातात नसतात आणि कबूल करून न जाणं मला जमणार नाही. तुला मात्र सांगते. एक ना एक दिवस दौऱ्याला सुट्टी मिळेल, नाही मिळाली तर मी मागेन. मागायला भीती वाटेल, तरी मागेन. परतूरला येईन, भाभीला स्वतः दवाखान्यात घेऊन जाईन, आणि तिच्या उशाशी बसून तिच्या डोळ्यात थेंब मीच टाकीन. थेंब बंद होईपर्यंत तिथून हलणार नाही.